‘अल्मा मेटर’ : शब्दातली माता आणि स्वयंपाकघरातली मावशी

माजी विद्यार्थ्यांचे मेळावे भरू लागले, की भाषणांतून एक परका शब्द हमखास कानी पडतो : ‘अल्मा मेटर’. डॉक्टर झालेला एखादा माजी विद्यार्थी व्यासपीठावरून म्हणतो, ‘मी आज जो काही आहे, तो माझ्या अल्मा मेटरमुळे.’ समोर बसलेले पालक टाळ्या वाजवतात. त्यांच्यापैकी पुष्कळांना तो शब्द कळलेला नसतो. पण बोलणाऱ्याचा गहिवर कळलेला असतो, आणि टाळी त्या गहिवराला असते. निमंत्रणपत्रिकांवर, स्मृतिचिन्हांवर आणि भ्रमणध्वनीवरील गटांच्या नावांतही हा शब्द आता स्थिरावला आहे. मराठीत त्यासाठी ‘मातृसंस्था’ हा प्रतिशब्द वापरला जातो.

शब्द वापरण्यास आमची हरकत नाही. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षरापासूनच दूर ठेवले गेले, त्याने जगातील कोणत्याही भाषेतला शब्द हक्काने वापरावा. मात्र हक्काने घेतलेली वस्तू पारखूनही घ्यावी. केवळ ऐकीव आहे म्हणून काही स्वीकारू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. ते शब्दांनाही लागू आहे. हा शब्द उघडून पाहिल्यावर आमच्या असे ध्यानी आले, की मराठीत येताना त्याचा अर्धा भाग वाटेतच गळून पडला आहे, आणि निवासी विद्यालयाच्या दृष्टीने तोच भाग अधिक मोलाचा आहे. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्या गळालेल्या अर्ध्या भागाविषयी चार शब्द मांडावेत, असे आम्हांस वाटते.

‘अल्मा मेटर’ हा शब्दप्रयोग इंग्रजीत रुळला असला तरी तो मूळचा लॅटिन आहे. त्यातील ‘मेटर’ म्हणजे माता. संस्कृतमधील ‘मातृ’, फारसीतील ‘मादर’, ग्रीकमधील ‘मेतेर’, जर्मनमधील ‘मुटर’ आणि इंग्रजीतील ‘मदर’ ही सारी एकाच कुळातली भावंडे आहेत. हे कुळ आपल्या रोजच्या बोलण्यात किती ठिकाणी लपलेले आहे, हे पाहिले म्हणजे गंमत वाटते. ग्रीक भाषेत ‘मेट्रोपोलिस’ म्हणजे माता-नगरी, जिच्यापासून इतर वसाहती निर्माण झाल्या ती नगरी. त्यावरून ‘मेट्रोपॉलिटन’ आले आणि त्याचे आखूड रूप म्हणजे मुंबई-पुणे-नागपुरात धावणारी ‘मेट्रो’. वसतिगृहातील ‘मेट्रन’ म्हणजे मूळची रोममधील प्रतिष्ठित गृहिणी, ‘मात्रोना’. आणि आपल्या आजोबांच्या पिढीने ज्या परीक्षेचे नाव छातीठोकपणे सांगितले, ती ‘मॅट्रिक’ देखील याच कुळातली. लॅटिनमध्ये ‘मात्रिक्स’ म्हणजे गर्भाशय, उगमस्थान. त्यावरून ‘मात्रिकुला’ म्हणजे नोंदवही, आणि त्या नोंदवहीत नाव चढणे म्हणजे ‘मॅट्रिक्युलेशन’. १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले तेव्हा समाजाने त्यांचा सत्कार केला. ज्यांची नावे कोणत्याही वहीत नव्हती, त्यांच्यातल्या एकाचे नाव त्या वहीत चढले, हा त्या सत्काराचा अर्थ होता.

आता ‘अल्मा’कडे वळू. स्पॅनिश भाषेत ‘अल्मा’ म्हणजे आत्मा. पण तो शब्द वेगळ्या मुळापासून आलेला आहे आणि त्याचा येथे संबंध नाही. लॅटिनमधील ‘अल्मा’ ‘आलेरे’ या क्रियापदावरून आला. ‘आलेरे’ म्हणजे पोसणे, खाऊ घालणे, वाढवणे. अर्थात ‘अल्मा मेटर’ म्हणजे नुसती माता नव्हे, तर पोसणारी माता. रोमन कवी हे विशेषण धान्याची देवता सीरीझ हिला लावीत. आज दुकानात मिळणाऱ्या ‘सीरियल’च्या नावात हीच देवता आहे. पुढे ख्रिस्ती काळात हे विशेषण येशूची माता मेरी हिच्याकडे गेले, आणि नंतर विद्यापीठांकडे. इटलीतील बोलोन्या विद्यापीठ, ज्याची स्थापना परंपरेने १०८८ सालची मानली जाते, आपल्या नावात आजही ‘अल्मा मेटर’ हे शब्द मिरवते. इंग्लंडात १६०० साली केंब्रिज विद्यापीठाचा मुद्रक जॉन लेगेट याने विल्यम पर्किन्स यांच्या एका धर्मग्रंथाच्या मुखपृष्ठावर विद्यापीठाचे चिन्ह छापले. त्यात चौथऱ्यावर एक स्त्री आहे, तिच्या मस्तकी नगरतटाचा मुकुट आहे आणि तिच्या स्तनांतून दूध स्रवते आहे. खाली अक्षरे आहेत : अल्मा मेटर कांटाब्रिजिया. ज्यांनी हा शब्द रूढ केला, त्यांच्या मनात पोसण्याची कल्पना किती शब्दशः होती, हे या चित्रावरून दिसते. ज्ञान म्हणजे दूध आणि विद्यापीठ म्हणजे स्तनदा माता.

‘आलेरे’चा वंशही मोठा आहे. ‘अॅडोलेसंट’ म्हणजे जो पोसला जात आहे, वाढत आहे तो. ‘अॅडल्ट’ म्हणजे ज्याची वाढ पूर्ण झाली आहे तो. घटस्फोटानंतरच्या पोटगीला इंग्रजीत ‘अॅलिमनी’ म्हणतात, तेही याच मुळातून. मराठीने तिथे ‘पोट’ हा शब्द वापरून मूळ अर्थ नेमका पकडला, हे विशेष. आणि ज्यांच्यासाठी ही स्मरणिका निघते, त्या माजी विद्यार्थ्यांना इंग्रजीत ‘अॅलम्नाय’ म्हणतात. त्याचे एकवचन ‘अॅलम्नस’, स्त्रीलिंगी रूप ‘अॅलम्ना’. त्याचा मूळ अर्थ शिष्यही नाही आणि पदवीधरही नाही. त्याचा अर्थ आहे पोसलेले मूल. आपण म्हणतो ‘माजी’. माजी आमदार, माजी सरपंच, तसा माजी विद्यार्थी. म्हणजे ज्याचे नाते संपले तो. ‘अॅलम्नस’ या शब्दात ‘माजी’पणाचा लवलेशही नाही. ज्याने ते अन्न खाल्ले, त्याच्या हाडामांसातून ते कसे जाईल? तो चाळीस वर्षांनंतरही पोसलेलाच असतो.

रोममध्ये हा शब्द कोणासाठी वापरला जात असे, हे पाहिले म्हणजे मन अधिक थबकते. दारिद्र्यामुळे वा अन्य कारणाने टाकून दिलेली अर्भके कोणी उचलून वाढवीत, त्या मुलांना अनेकदा ‘आलुम्नुस’ म्हणत. त्यांचा दर्जा अनिश्चित असे. काही घरांत ती लेकरासारखी वाढत. त्यांच्या मृत्यूनंतर पालकांनी प्रेमाने उभारलेले स्मृतिलेख सापडले आहेत. काही घरांत त्यांना गुलाम म्हणून राबवले जाई. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभी प्लिनी हा आजच्या तुर्कस्तानच्या उत्तरेकडील बिथिनिया प्रांताचा राज्यपाल होता. त्याच्यापुढे प्रश्न आला : जन्माने स्वतंत्र असलेली, परंतु टाकून दिलेली आणि दुसऱ्याने गुलामीत वाढवलेली मुले स्वातंत्र्य मागतात, त्यांच्या संगोपनाचा खर्च कोणी भरायचा? त्याने सम्राट ट्रेजनला पत्र लिहून विचारले. सम्राटाचे उत्तर उपलब्ध आहे. त्याचा आशय असा, की अशा व्यक्तींना स्वातंत्र्याचा हक्क नाकारू नये, आणि खाऊ घातल्याची किंमत मोजून त्यांना आपले स्वातंत्र्य विकत घ्यावे लागू नये.

ट्रेजन हा साम्राज्य वाढवणारा लढवय्या सम्राट होता. तो काही समतेचा प्रेषित नव्हता. तरीही या एका वाक्याच्या न्यायाकडे प्रत्येक निवासी विद्यालयाच्या चालकाने पाहावे, असे आम्हांस वाटते. पोसल्याने पोसलेल्यावर मालकी येत नाही. मुलाने खाल्लेले अन्न हे त्याच्या नावावरचे कर्ज नव्हे.

हे आम्ही मुद्दाम लिहीत आहोत. वसतिगृहात आणि आश्रमशाळेत वाढलेल्या मुलांना जन्मभर एक वाक्य पुरते, मग ते कोणत्याही संस्थेत ऐकलेले असो : ‘तुमच्या बापाने दिले असते का हे?’ ताटात वाढताना उच्चारलेले हे वाक्य अन्नाबरोबर पोटात जाते आणि अन्नाहून अधिक काळ तिथे राहते. गणवेश वाटताना देणगीदारासमोर मुलांना रांगेत उभे करून त्यांचे छायाचित्र काढणे, आभाराची वाक्ये त्यांच्याकडून पाठ करून घेणे, हेही त्याच वाक्याचे सभ्य रूप आहे. बाबासाहेबांनी आम्हांस दयेची नव्हे, हक्काची भाषा शिकवली. त्यांच्या नावाने आणि धम्माच्या अधिष्ठानावर चालणाऱ्या विद्यालयात ही उपकाराची भाषा कोणत्याही रूपाने शिरता कामा नये. ज्या क्षणी माता खाऊ घातल्याचे बिल पुढे करते, त्या क्षणी ती ‘अल्मा’ राहत नाही.

याच ट्रेजनच्या काळात इटलीतील मुलांच्या पोषणासाठी सरकारी योजना चालली. तिचे नावही ‘आलिमेंता’, म्हणजे पुन्हा तेच मूळ. व्हेलेया येथे सापडलेल्या ब्राँझच्या मोठ्या पत्र्यावर तिचा तपशील कोरलेला आहे. औरस मुलग्याला महिना १६ सेस्टर्स आणि मुलीला १२. शिवाय लाभ घेणाऱ्यांत मुलींची संख्या अगदी थोडी. आमच्या वसतिगृहांच्या कागदपत्रांत ‘परिपोषण अनुदान’ हा शब्द असतो. ‘आलिमेंता’चे इतके नेमके भाषांतर कोणी ठरवून केले असेल असे नाही, पण ते झाले आहे. अनुदान उशिरा येते, वाणी उधारी थांबवतो आणि चालक वणवण करतात, हा अनुभव निवासी शाळांना नवा नाही. परंतु त्या पत्र्यावरील १६ आणि १२ हा फरक मात्र मनात रुतून बसतो. पोसणाऱ्या मातेच्या नावाने चाललेल्या योजनेतही मुलीच्या ताटात कमी वाढले गेले.

हा विरोधाभास केवळ रोमचा नाही. ज्या केंब्रिजने १६०० साली दूध स्रवणारी माता आपले चिन्ह म्हणून छापली, त्याने स्त्रियांना पूर्ण पदवी दिली ती १९४८ साली. तोपर्यंत विद्यार्थिनी शिकत, परीक्षा देत, उत्तीर्णही होत. परंतु विद्यापीठाच्या पूर्ण सदस्य होऊ शकत नसत. नाव मातेचे, आणि पंगतीत लेकी नाहीत.

न्यूयॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठाची गोष्ट तर आपल्याला अधिक जवळची. तेथील लो ग्रंथालयाच्या भव्य पायऱ्यांवर १९०३ साली ‘अल्मा मेटर’ नावाचीच ब्राँझची मूर्ती बसवली गेली. शिल्पकार डॅनियल चेस्टर फ्रेंच. सिंहासनावर बसलेली स्त्री, मस्तकी लॉरेलच्या पानांचा मुकुट, मांडीवर उघडा ग्रंथ, आणि दोन्ही हात स्वागतासाठी पसरलेले. तिच्या वस्त्राच्या घड्यांत एक घुबड लपलेले आहे. तिकडे घुबड हे शहाणपणाचे चिन्ह. १९१३ साली बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर या विद्यापीठात दाखल झाले आणि १९१६ पर्यंत तेथे शिकले. त्या काळी ते ग्रंथालय हेच विद्यापीठाचे मुख्य ग्रंथालय होते. ज्या तरुणाला गावच्या शाळेत पाण्याच्या भांड्याला हात लावू दिला गेला नव्हता, त्याच्या वाटेवर ही हात पसरून बसलेली माता होती. जातीचा दाखला न मागता तिने त्याला आत घेतले. १९५२ साली याच विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. ‘अल्मा मेटर’ हा शब्द आपल्या समाजाला परका वाटू नये, याला एवढे कारण पुरेसे आहे.

पण ही माताही आपल्या सर्व लेकरांना सारखी नव्हती. त्याच विद्यापीठाच्या पदवीपूर्व कोलंबिया कॉलेजात मुलींना प्रवेश मिळू लागला तो १९८३ साली, म्हणजे मूर्ती बसल्यावर तब्बल ऐंशी वर्षांनी. आणि आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. भीमराव त्या ग्रंथालयात वाचत बसले होते, तेव्हा मुंबईत रमाई हलाखीत संसार रेटत होत्या. विद्येचे दूध कोलंबियाने दिले असेल. त्यासाठी पोटाला चिमटा मात्र रमाईंनी काढला. ब्राँझची मूर्ती पायऱ्यांवर बसली. हाडामांसाची पोसणारी स्त्री चुलीपुढे राहिली.

इथे आम्ही आमच्या मूळ मुद्द्याशी येतो. ‘मातृसंस्था’ या मराठी प्रतिशब्दात ‘मातृ’ आले, ‘अल्मा’ गळाले. पोसणे गळाले. एखाद्या महानगरातील महाविद्यालयाच्या बाबतीत हे चालून जाईल. तेथील विद्यार्थी घरी जेवतो आणि वर्गात शिकतो. निवासी विद्यालयाचे तसे नाही. इथे मूल सहाव्या-सातव्या वर्षी येते, कधी ऊसतोडीला निघालेल्या आईचा पदर सोडून, कधी वीटभट्टीवरून. त्याला अक्षर दिसण्याआधी ताट दिसते. रात्री ताप आला तर कपाळावर हात कोणाचा, डोक्यातल्या उवा कोण काढणार, पहिल्यांदा पाळी आलेल्या मुलीला धीर कोण देणार, हे प्रश्न इथे अभ्यासक्रमाइतकेच महत्त्वाचे आहेत. इथे ‘अल्मा’ आधी येते, ‘मेटर’ मागाहून.

आणि हे काम कोण करते? मुख्याध्यापक नव्हे, संस्थेचे अध्यक्ष नव्हे. पहाटे चारला काठवटीत पीठ घेऊन बसणारी, शंभर-दीडशे लेकरांच्या भाकऱ्या थापणारी, मोठ्या पातेल्यातल्या वरणाची फोडणी चुकू न देणारी स्त्री ते करते. कागदावर ती स्वयंपाकी, मदतनीस किंवा कामाठी असते. मुलांच्या तोंडी ती ‘मावशी’ असते.

मावशी! हा शब्द ‘मातृष्वसा’ या संस्कृत शब्दावरून प्राकृतातून मराठीत आला. अर्थ मातेची बहीण. वसतिगृहातील मुलांनी हे नाते कोणी न शिकवता जोडले. त्यांना जन्मदात्री आई आहे. तिची जागा कोणाला द्यायची नाही. पण खाऊ घालणारी, रागावणारी, जवळ घेणारी ही स्त्री आईच्या इतकी जवळची आहे, की तिला परकेही म्हणवत नाही. म्हणून मावशी. ‘माय मरो पण मावशी जगो’ ही म्हण मराठीत उगाच आलेली नाही.

बौद्ध परंपरेला तर हे नाते मुळापासून ठाऊक आहे. सिद्धार्थ सात दिवसांचे असताना महामाया निवर्तल्या. त्यांना वाढवले महाप्रजापती गौतमीने; ती त्यांची मावशीच. परंपरा सांगते, की तिने स्वतःच्या पुत्राला दाईकडे सोपवले आणि बहिणीच्या पुत्राला आपले दूध दिले. पुढे तीच गौतमी मस्तक मुंडून, सुजलेल्या पायांनी शाक्य स्त्रियांसह वैशालीला चालत आली आणि संघात प्रवेश मागू लागली, तेव्हा भदंत आनंदांनी तिची बाजू मांडली. स्त्रिया अर्हत्पदाला पोहोचू शकतात ना, हा त्यांचा एक युक्तिवाद. आणि हिने आपल्याला वाढवले आहे, दूध दिले आहे, हा दुसरा. पाली ग्रंथांत तिच्यासाठी आलेला एक शब्द आहे, ‘पोसिका’. पोसणारी. रोमचा ‘अल्मा’ आणि आपला ‘पोसिका’ यांत अर्थाचे तसूभरही अंतर नाही. अडीच हजार वर्षांपूर्वी एका मावशीच्या पोसण्याची आठवण भिक्खुणी संघाच्या स्थापनेच्या वेळी पुढे ठेवली गेली, याचा आपल्याला विसर का पडावा? बाबासाहेबांचेही तसेच. बालपणी भीमाई गेल्या आणि मीराबाई आत्याने लेकरांना सांभाळले. जगाला मार्ग दाखवणाऱ्या या दोन्ही पुरुषांना जन्मदात्री लवकर सोडून गेली. त्यांच्या पाठीशी पोसिका उभी राहिली.

महाराष्ट्रातील वसतिगृहांचा इतिहासही पोसिकांचाच इतिहास आहे. तो तसा लिहिला गेला नाही, एवढेच. जोतीराव व सावित्रीबाईंनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, आणि तेथे जन्मलेल्या एका ब्राह्मण विधवेच्या पुत्राला, यशवंताला, दत्तक घेतले. ‘अॅलम्नस’ या शब्दाचे याहून चोख उदाहरण कोणते? तो यशवंत डॉक्टर झाला; १८९७ च्या प्लेगमध्ये त्याच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाईंनी देह ठेवला. साताऱ्याच्या बोर्डिंगमधील मुलांच्या अन्नासाठी कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही मोडले. धारवाडच्या वसतिगृहातील मुले उपाशी असल्याचे कळताच रमाईंनी आपल्या बांगड्या काढून दिल्या, ही कथा आपल्या समाजात घरोघर सांगितली जाते. या स्त्रियांच्या त्यागाचा गौरव आपण भाषणांत करतो. पण त्यांनी नेमके काय केले, ते नीट पाहत नाही. त्यांनी सोने मोडून धान्य विकत घेतले. संस्था पुरुषांच्या नावावर नोंदल्या गेल्या. चूल पेटती ठेवली ती या हातांनी.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. संस्थेला माता म्हणणे आणि स्वयंपाकिणीला मावशी म्हणणे यात एक धोका दडला आहे. आईला कोणी हिशेब विचारत नाही, म्हणून संस्थेलाही विचारू नये, असे सुचवले जाते. आणि मावशी प्रेमाने करते, म्हणून तिच्या पगाराचा प्रश्न निघत नाही. नात्याच्या गोडव्यात मजुरी विरघळून जाते. अनेक निवासी शाळांतून स्वयंपाकघरातील स्त्रिया तुटपुंज्या मानधनावर वर्षानुवर्षे राबतात आणि म्हातारपणी रिकाम्या हाताने घरी जातात. म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट असावे : नाते मानायचे तर ते वेतनासह, सुटीसह आणि म्हातारपणाच्या तरतुदीसह मानावे. ज्या मातेचा गौरव होतो पण पगार होत नाही, तिचा गौरव ही तिची फसवणूकच आहे. संस्थेला माता म्हणणाऱ्याने तर हिशेब अधिकच मागावा. कारण तिच्या ताटात दुसऱ्यांची लेकरे जेवत असतात.

दुसरा धोका जन्मदात्रीच्या विस्मरणाचा. विद्यालयाला ‘माता’ म्हणताना, जिने पोटचे मूल दूर पाठवले ती निरक्षर आई मनातून पुसली जाऊ नये. तिला ‘अल्मा मेटर’ हे शब्द वाचता येणार नाहीत; पण मुलाला निरोप देऊन एस.टी.त परत बसताना तिने जे सोसले, त्यावरच हे विद्यालय उभे आहे. पहिली पोसिका तीच.

मग पोसल्याचे ऋण फेडायचे की नाही? ट्रेजन म्हणाला, किंमत वसूल करू नका. ते पोसणाऱ्याने पाळावयाचे. पोसलेल्याने काय करावे, याचे उत्तर अंगुत्तर निकायात आहे. तेथे बुद्ध सांगतात, की आईवडिलांना शंभर वर्षे खांद्यावर वाहून त्यांची सेवा केली, त्यांना सारे ऐश्वर्य दिले, तरी त्यांचे ऋण फिटत नाही. परंतु त्यांना श्रद्धा, शील, त्याग आणि प्रज्ञा यांत जो प्रतिष्ठित करतो, तो ते फेडतो. याचा अर्थ आम्ही असा घेतो : अन्नाची फेड अन्नाने किंवा पैशाने होत नाही. ज्या घराने आपल्याला वाढवले, ते घर अधिक शीलवान आणि अधिक शहाणे करणे, हीच फेड. केवळ देणगीची पावती घेऊन माजी विद्यार्थ्याला मोकळे होता येत नाही, आणि देणगी देता येत नाही म्हणून कोणी कमी ठरत नाही.

या विचाराला धरून काही गोष्टी आम्ही विद्यालयाच्या परिवारापुढे नम्रपणे ठेवतो. स्मरणिकेत विश्वस्तांच्या आणि शिक्षकांच्या नामावलीबरोबर आजवर स्वयंपाकघरात, कोठीघरात आणि वसतिगृहात काम केलेल्या प्रत्येक स्त्री-पुरुषाचे नाव, सेवेच्या वर्षांसह, त्याच आकाराच्या अक्षरांत छापावे. माजी विद्यार्थ्यांच्या निधीतील पहिला वाटा प्रवेशद्वाराच्या कमानीला न जाता कोठीघराला, आजारी मुलांच्या खोलीला आणि अनुदान उशिरा येते त्या महिन्यांच्या किराण्याला जावा. मुलींच्या जागा मुलांइतक्या असाव्यात आणि दहावीनंतर त्यांचे शिक्षण तुटू नये, यासाठी माजी विद्यार्थिनींनी पुढाकार घ्यावा. १६ आणि १२ चा हिशेब आपल्याकडे नको. वर्धापनदिनी पंगत बसेल तेव्हा माजी विद्यार्थ्यांनी वाढावे आणि मावशींनी आधी जेवावे. आणि कोणत्याही मुलाला, कोणत्याही निमित्ताने, त्याच्या ताटाची आठवण करून देऊ नये.

‘अल्मा मेटर’ला नवा मराठी प्रतिशब्द घडवावा, असा आमचा आग्रह नाही. ‘मातृसंस्था’ हा शब्द चालू द्यावा. फक्त तो उच्चारताना त्यातून गळालेला अर्धा भाग मनात असावा, आणि तो भाग स्वयंपाकघरात कोणत्या नावाने वावरतो, हेही ठाऊक असावे. आमच्या लेकरांनी तो शब्द केव्हाच शोधून ठेवला आहे. दिवसातून दोनदा, ताट पुढे करताना, ती तो उच्चारतात.